सातव्या वाफ्यावरचा दिवा

आमच्या रोपवाटिकेत तिला सगळे पडदेबाई म्हणायचे. कामावरून पडलेलं नाव. फोनवरही ती स्वतः ‘पडदेबाई बोलतेय’ असंच सांगायची, आणि हजेरीपत्रकावरचं खरं नाव कोणी मोठ्याने वाचलं तर ओ द्यायला तिला जरा वेळ लागायचा.

मी तिथल्या कचेरीत कारकून होतो. येणाऱ्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदावर नंबर टाकायचा. रोपांशी माझा संबंध खिडकीतून दिसतील तेवढाच. तरी तिची हकिकत मी सांगतोय, कारण त्यातला एक कागद माझ्या हातून गेला होता.

तिचं काम असं होतं. डोंगराच्या वरच्या उतारांवर लावायची सूचिपर्णी रोपं आमच्याकडे पहिल्या चार वाफ्यांत वाढायची. वर बर्फ लवकर पडतं, म्हणून ती सप्टेंबर संपायच्या आत न्यावी लागत. पण ऑगस्टमध्ये ही रोपं वाढीच्या भरात असतात, शेंडे अगदी कोवळे. तशीच नेली तर पहिल्या गारठ्यातच माना टाकतात. मग ऑगस्टच्या मध्यापासून तीन आठवडे, रोज दुपारी चार वाजता, वाफ्यांवरच्या लोखंडी कमानींवरून जाड काळा पडदा ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काढायचा. बाहेर ऊन का असेना, आत सोळा तासांची रात्र. तीन आठवड्यांत रोपांची समजूत पटते की थंडी आली. शेंडा वाढायचा थांबतो आणि टोकाला तपकिरी, टणक डोळा बसतो. पुढच्या वर्षीची सगळी फूट त्या डोळ्यात खवल्यांखाली घडी घालून ठेवलेली असते.

पडदा लांबलचक. दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी एकाच चालीने ओढला तर सरळ जायचा, नाहीतर कमानीत अडकून फाटायचा. चौदा वर्षं दुसऱ्या बाजूला तिचा नवरा असायचा. तो आमच्याकडे पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर होता. चारला दहा कमी असताना टँकर शेडला लावायचा, हात पुसायचा आणि येऊन उभा राहायचा. दोघं त्या वेळी बोलत नसत. मी खिडकीतून बघायचो. पडदा सरकताना फक्त कड्यांचा आवाज यायचा.

बाकीच्या वाफ्यांत भूर्ज, अक्रोड अशी पानं गाळणारी झाडं असत. त्यांना पडदा लागत नसे. ती उशिरा जायची, त्यामुळे दिवस आपोआप लहान होतील तशी आपली आपण तयारी करायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला विचारलं होतं, झाडांना दिवस लहान झालेला कळतो तरी कसा.

“दिवस नाही बघत ती,” बाई म्हणाली. “रात्र बघतात. सलग काळोख किती, एवढंच. मध्येच कोणी दिवा लावला की रात्रीचे दोन तुकडे होतात. मग झाड म्हणतं, अजून उन्हाळाच आहे, घाई काय.”

हे तिला तिथल्या जुन्या प्रमुखांनी शिकवलेलं होतं. पुढचंही तिने समजावलं. पान पिवळं पडतं म्हणजे त्याला काही रोग होत नाही. झाड पानातला कस मोडून खोडात, मुळात ओढून घेतं. सगळं आवरून झालं की देठाच्या बुडाशी बुचासारखा पातळ थर धरतं आणि पान सोडून देतं. आतल्या रसात साखर वाढते, पेशीतलं पाणी कमी होतं, त्यामुळे थंडीत आत बर्फ होऊन ती फुटत नाही. हे सगळं व्हायला सहा-सात आठवडे लागतात. “थंडी आल्यावर तयारी करायला घेतली तर झाड मेलंच समजा,” ती म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

तिचा नवरा मे महिन्यात गेला. टँकर फाटकाशी उभा होता, इंजिन चालू, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. पहारेकऱ्याला वाटलं, डुलकी लागलीय. त्याने दोनदा थट्टेने हाक मारली. मग बाईला बोलावलं. ती आली, पायरीवर चढली, त्याच्या मानेला हात लावला आणि आधी इंजिन बंद केलं. नंतर तिने मला सांगितलं की त्या वेळी तिच्या मनात एकच गोष्ट आली: याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय, उतरताना पडेल.

सहाव्या दिवशी ती कामावर हजर. आम्ही सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागलो. ती नेहमीच्याच आवाजात उत्तर द्यायची. डोळे कोरडे, चेहरा कोरडा. दोन वेळा जेवत होती, रात्री पडल्या पडल्या झोप लागत होती. याचीच तिला लाज वाटायची. लोक बोलतातच, पाण्याच्या नळावर कोणीतरी म्हणालं, दगडाच्या काळजाची आहे. तिच्या कानावर गेलं तर म्हणाली, असेल बाबा.

घरी आणखी एक माणूस होतं, तिची नणंद. नवऱ्याची थोरली बहीण, शिवणकाम करून आयुष्य काढलेली, वीस वर्षं त्यांच्याच घरी. दोन खोल्या, मधल्या भिंतीत एक खिडकी, आणि खिडकीशी नणंदेचं मशीन. बाईला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घर तिघांचंच. आता नणंद सकाळ-संध्याकाळ रडायची. मोठ्याने, मोकळेपणाने. बाई बाजूला बसून भाजी निवडायची. एक दिवस नणंदेने कात्री खाली ठेवली.

“तुला काहीच वाटत नाही का गं?”

“नाही वाटत, वन्सं,” बाई म्हणाली. “मी बघतेय. पण काही सापडत नाही.”

नणंदेला ते उर्मटपणाचं वाटलं. त्यानंतर दोघी एका घरात राहिल्या, पण कामापुरतंच बोलायच्या. मीठ दे. दार लावलंस का.

जुलैमध्ये आमच्या पंपघरातली मोटर चोरीला गेली. नवे साहेब नुकतेच आले होते. माणूस वाईट नव्हता, पण आला तो दुसऱ्या खात्यातून. झाडांपेक्षा कुलपांची त्याला अधिक ओळख. त्यांनी पंपघराच्या कोपऱ्यावर उंच खांब उभारून पांढऱ्याशुभ्र उजेडाचा दिवा बसवून घेतला. अंधार पडला की आपोआप लागायचा, उजाडलं की विझायचा. पहारेकरी खूश. तो तब्येतीने चांगला भरलेला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, गेटाजवळच्या खोलीत राहणारा माणूस. म्हणायचा, आता चोराला माझं पोट लांबूनच दिसेल, तो परत फिरेल.

ऑगस्टमध्ये पडद्याची दुसरी बाजू त्याच्याकडे आली. पहिल्या दिवशी त्याने घाईने ओढला आणि पडदा हातभर फाटला. बाई शेडमध्ये गेली. सुई-दोरा आणून शिवायला बसली. तो आपला माफी मागतोय, विनोद करतोय, आणि ती टाके घालतेय. शेवटी म्हणाली, “तुम्ही माझ्या पायांकडे बघून चाला.” तीन आठवडे त्याने तसंच केलं. चारही वाफ्यांतल्या रोपांना डोळे बसले, गाड्या भरून वर गेली.

मग सप्टेंबरचा शेवट आला. भूर्जाची पानं पिवळी पडायला लागली होती. बाई रोज वाफ्यांमधून चालत शेंड्यांवरून बोटं फिरवायची. टणक लागलं की पुढे. पंपघरासमोरच्या सातव्या वाफ्यात तिची बोटं थांबली. तिथले शेंडे मऊ होते. पानं हिरवीगार, वर नवी पालवीसुद्धा. कोणी परका पाहुणा आला असता तर म्हणाला असता, हाच वाफा सगळ्यात छान. संध्याकाळी खांबावरचा दिवा लागेपर्यंत ती तिथे थांबली, उजेड कुठवर येतो ते पाहिलं आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. दिव्यामुळे सातवा वाफा झोपत नाहीये, दिवा बंद करा नाहीतर त्याला वाफ्याच्या बाजूने पत्र्याची आड लावा, एवढं सांगितलं. साहेब म्हणाले, लेखी द्या. तिने पाच ओळींचा अर्ज लिहून माझ्याकडे दिला. मी शिक्का मारला, नंबर टाकला आणि साहेबांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवला. गठ्ठ्यात वर ठेवता आला असता. मी खाली ठेवला, कारण तारखेने तो खालचा होता.

आता खरी गोष्ट सांगतो. आधीच्या कुठल्याही वर्षी असं झालं असतं तर तिने साहेबांना सुखाने बसू दिलं नसतं. एकदा खताचं पोतं ओलं आलं तर ती चार दिवस दारात उभी राहिली होती, आणि जुने प्रमुख म्हणायचे, भीक नको पण कुत्रं आवर. या वर्षी तिने एकदा सांगितलं, एकदा लिहिलं, आणि विषय संपला. रोज सातव्या वाफ्यावरून जायची, बोटं फिरवायची, मऊ शेंडे लागायचे, आणि पुढे जायची. पहारेकऱ्याने एकदा विचारलं, साहेबांनी काही केलं का. म्हणाली, “सांगितलंय.” मीही विचारलं नाही. सगळेच तिला सांभाळून होतो, आणि त्या सांभाळण्यात आमची सोयही होती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आभाळ एकदम निरभ्र झालं आणि पारा शून्याच्या खाली चार अंश गेला. अशा वेळी रोपांना गारठा बाधू नये म्हणून रात्री वाफ्यांवर पाणी फिरवायचं हा पहारेकऱ्याला दिलेला नियम. त्याने फिरवलं. सकाळी आम्ही आलो तेव्हा गवत पांढरं होतं. दुपारपर्यंत ते विरघळलं आणि सातव्या वाफ्यातली पानं काळी पडली, उकडून काढल्यासारखी. शेंडे वाकून लोंबत होते. बाकी वाफे लांबून तरी ठीक दिसत होते. त्यांची पानं आधीच बरीचशी खाली पडलेली होती.

अकराशे रोपं. वरच्या कचेरीला कळवणं भाग होतं. साहेबांनी अहवाल लिहिला. त्यांचा तर्क सरळ होता: सगळे वाफे वाचले, एकच मेला, याचा अर्थ त्या एका वाफ्यावर पाणी फिरलं नाही. पहारेकऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. जावक नंबर मीच टाकला.

तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद घेऊन पडदेबाईच्या घरी गेला. खुर्चीवर बसला तर रोजची बडबड नाही. नोटीस तिच्या हातात दिली आणि म्हणाला, मी पाणी सगळीकडे फिरवलं, पण कोणाला दाखवू, ते तर वाहून गेलं. निवृत्तीच्या तोंडावर त्याच्या कागदाला डाग लागणार होता. मग त्याला रडू आलं. नणंदेने त्याला पाणी दिलं आणि पदराने स्वतःचेही डोळे पुसले. बाईने नोटीस दोनदा वाचली. पुढे मला ती म्हणाली, “दोघं रडत होते आणि मी मधे बसलेली. मला त्याची दया नाही आली. फक्त एवढं दिसलं, की यात लिहिलंय ते चूक आहे आणि बरोबर काय ते मला माहीत आहे.”

चार दिवसांनी चौकशीला वरून एक अधिकारी बाई आल्या. कचेरीत बसून कागद चाळत होत्या. पडदेबाई दारात आली आणि म्हणाली, मॅडम, आधी वाफ्यावर चला. साहेब काही बोलणार तेवढ्यात त्या उठल्याच. आम्हीही मागे गेलो.

पडदेबाईने सकाळी येऊन एक काम करून ठेवलं होतं. सातव्या वाफ्यात मेलेल्या आणि जगलेल्या रोपांच्या सीमेवर तिने वीत-वीतभर अंतराने काड्या रोवल्या होत्या. वाफा सरळ, चौकोनी. काड्यांची रेघ मात्र वाकडी होती. ती एका टोकाला सुरू होऊन पोटाशी फुगत फुगत आठव्या वाफ्याच्या कोपऱ्यात शिरली होती आणि पुन्हा परत आली होती. खांबाला पाठ लावून उभं राहिलं की सगळी कमान एका नजरेत यायची.

“पाणी फिरवायचं राहिलं असतं तर आख्खा वाफा मेला असता, आणि आठव्याचा कोपरा वाचला असता,” ती म्हणाली. “हा दिव्याचा उजेड आहे.”

मग तिने एका काळ्या पानाला टिचकी मारली. पान हललं, पडलं नाही. शेजारच्या वाफ्यातलं पिवळं पान बोट लागताच हातात आलं.

“मेलेल्या झाडाची पानं गळत नाहीत, मॅडम. पान सोडायलासुद्धा झाड जिवंत लागतं. यांना रात्र मिळालीच नाही, तर आवरणार कधी.”

मॅडमनी विचारलं, हे आधी कोणाला सांगितलं होतं का. तिने अर्जाची तारीख सांगितली. मी धावत जाऊन आवक नोंदवही आणली, आणि गठ्ठ्याच्या तळातून अर्जही. त्यावर साहेबांची सही होती. ‘पाहिले’ असंही लिहिलेलं होतं. साहेबांनी तो हातात घेऊन बराच वेळ वाचला. पहिल्यांदाच वाचत होते, हे उघड होतं. त्यांना सारवासारव करता आली असती. त्यांनी केली नाही. म्हणाले, सही माझी आहे, मी न वाचता केली, पहारेकऱ्याची नोटीस मी आजच मागे घेतो.

इथे हकिकत संपायला हरकत नव्हती. पण बाई तिथेच उभी राहिली.

“माझंही लिहून घ्या,” ती म्हणाली. “मी तीन आठवडे रोज बघत होते. शेंडे मऊ होते ते मला कळत होतं. दर वर्षी मी दहा वेळा येऊन डोकं खाल्लं असतं. या वर्षी नाही आले.”

“का नाही आलात?” मॅडमनी विचारलं.

तिने विचार केला. खरोखर विचार केला, आम्ही सगळे वाट बघत होतो. “माहीत नाही,” ती म्हणाली. “यायला पाहिजे होतं, एवढं माहीत आहे.”

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. वही मिटली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. बाईने तो ठेवू दिला. परत जाताना मला त्या म्हणाल्या, यांना जरा रजा द्या. मी तसं टिपण केलं, आणि या वेळी साहेबांच्या हातात नेऊन दिलं.

बाईने रजा घेतली नाही. घरी बसून काय करू, असं तिचं म्हणणं. दिव्याला पत्र्याची आड बसली. अकराशे रोपं कमी पडली म्हणून एका उताराची लावणी त्या वर्षी राहून गेली. साहेब पुढे रोज सकाळी तिच्याबरोबर वाफ्यांतून चक्कर मारायला लागले. शेंड्यांवरून बोटं फिरवायचे, आणि चुकलं की ती सांगायची. पहारेकऱ्याने नोटीस मागे घेतल्याचा कागद फ्रेम करून खोलीत लावला. मी म्हटलं, अहो, लग्नाचा फोटो सोडून हा काय लावता. तो म्हणाला, लग्न कुठे कोणी मागे घेतलं.

हिवाळा गेला तसा गेला. बाई यायची, औजारं साफ करायची, पिशव्यांत माती भरायची, जायची. मी कधी विचारलं की बरं आहे ना, तर म्हणायची, आहे. त्यात खोटं काही नव्हतं. वाईटही नव्हतं, बरंही नव्हतं. मार्चमध्ये सातव्या वाफ्यातली मेलेली रोपं उपटायचं ठरलं. ती प्रत्येकाची साल नखाने खरवडून बघत होती. आत बहुतेक सगळीकडे तपकिरी निघालं. साठेक रोपं जमिनीलगत हिरवी होती, ती तिने ठेवली.

त्याच महिन्यात एके रविवारी दुपारी नणंदेने कपाट आवरायला काढलं. भावाचे सदरे बाहेर काढून तिने उसवायला घेतले. कापड चांगलं होतं, उशांचे अभ्रे होतील म्हणून. चार सदरे उसवून झाले तेव्हा बाई बाहेरून आली. तिने जमिनीवर सुटे पडलेले हात आणि कॉलर पाहिल्या. आणि ओरडली. विचारल्याशिवाय हात का लावला, तुमचा भाऊ असेल पण माझ्या घरातलं कपाट आहे, वीस वर्षं मी एक शब्द बोलले नाही. बरंच काही बोलली. त्यातलं निम्मं तिला नंतर आठवेना. शेजारचे दारात आले.

नणंद मान खाली घालून ऐकत राहिली. बाईचा श्वास संपला तेव्हा म्हणाली, “चुकलं माझं. बस जरा.”

बाई बसली. रडली का, ते तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. एवढंच म्हणाली की मग तिला जोराची भूक लागली. दोघींनी सकाळचं उरलेलं गरम करून खाल्लं. उरलेले तीन सदरे नणंदेने घडी करून परत कपाटात ठेवले.

पडदेबाई आणखी सहा वर्षं आमच्याकडे होती. शेवटच्या वर्षी तिचे गुडघे गेले, तेव्हा पडद्याच्या दोन्ही बाजूंना नवी माणसं आली आणि ती मधे स्टुलावर बसून त्यांना शिव्या घालायची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, आमच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली की आठव्या वाफ्याच्या नळाला गळती आहे, तो कोणीतरी बघा.